रंजनाने अडवलेल्या दोन ओळी

जामसर गावच्या जगनची मुलगी रंजना जव्हारला भाड्याच्या खोलीत बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायची. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि चुका काढायच्या. आई सोमी बाजाराला आली की विचारायची, "बाय, दिवसभर वाचतेस तरी काय?"

"आये, एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चार खोटे कॉम्प्युटर चालवतात. प्रत्येकाला वाटतं, सगळं मशीन आपलंच. ते नीट सुरू होतात का, ते मी बघते."

"मग बघ नीट," म्हणत सोमी नागलीच्या भाकरी काढून ठेवायची.

एका मंगळवारी सर्वेश सरांचा कोड आला. सर्वेश कंपनीतला जुनाजाणता. त्याच्या कोडला सहसा कुणी हात लावत नसे. नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सुरू होताना काय काय करतो, तेवढाच भाग होता. तिसऱ्यांदा वाचताना रंजना थबकली. ड्रायव्हर कार्डाला 'मी तयार आहे' असं आधी कळवत होता आणि येणारा डेटा ठेवायची जागा त्यानंतर करत होता. खरं कार्ड जागं व्हायला वेळ घेतं, म्हणून निभावत होतं. खोटे कॉम्प्युटर चालवणाऱ्या हायपरव्हायझरने दिलेलं खोटं कार्ड मात्र कधीकधी तत्क्षणी डेटा पाठवणार, आणि जागा नसली की सिस्टीम सुरू होताहोताच कोसळणार.

तिने तसं लिहून कळवलं. लगेच सर्वेशचा फोन आला.

"रंजना, शंभर वेळा चालवलंय. एकदाही पडलं नाही."

"सर, त्या दोन ओळींच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचा थांबा घाला, म्हणजे कार्डाला जागं व्हायला वेळ मिळेल, आणि पुन्हा चालवून बघा."

"आणि नाही पडलं तर?"

"तर मी लगेच मंजूर करते."

फोन ठेवून तिने त्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचून काढल्या. नोकरीला जेमतेम आठ महिने झाले होते.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. "पहिल्याच फेरीत पडलं," सर्वेश म्हणाला आणि हसला. "जुन्या कोडमध्येही याच ओळी आहेत, एका ग्राहकाकडे महिनाभर हेच होतंय. आम्ही त्यांच्या मशीनला नावं ठेवत बसलो. यापुढे माझा कोड आधी तुझ्याकडे."

त्याने ओळींचा क्रम बदलला, तिने मंजुरी दिली आणि चारची जीप पकडून जामसरचं घर गाठलं. जगन अंगणात टोपली विणत होता.

"आज मधेच कशी?"

"साहेबाची चूक सापडली, बाबा."

जगनचे हात थांबले. "तोंडावर सांगितलीस?"

"सांगितली. त्याने दुरुस्तपण केली."

जगन टोपली बाजूला ठेवून शेजारच्या फागूला ही गोष्ट सांगायला निघाला.