हातातला माउस

पगार विभागात संगणक आला तेव्हा तो सावंतबाईंना शिकवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी मूर्ख दर वेळी त्यांच्या हातातून माउस हिसकावून घ्यायचे. आज नातीने माझा मोबाइल तसाच ओढला, “आजी, दे गं इकडे!” आणि मला माझीच शिसारी आली. आठ दिवसांचा कोर्स केलेली मी, पण तोरा असा की जणू यंत्र माझ्या माहेरहून आलंय! बावीस वर्षं पगारपत्रकं लिहिलेल्या बाईंचं बोट अक्षर शोधत फिरायचं आणि मी जांभई द्यायचे. शिकवणाऱ्याची घाई किती ओंगळ दिसते! महिन्याभरात बाईंनी टपालाच्या टेबलावर बदली मागितली. “का हो बाई?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, तू शिकवलंस कुठे? तुला किती येतं, एवढंच दाखवलंस.”