बुडालेल्या रस्त्यावरून डोंगा

ताईचा नर्सिंगचा पेपर गडचिरोलीले होता, आन आमच्या घराच्या आन पेपरच्या मधात आख्खं धरण होतं! रोडनं फिरून गेलं तं सकाळची एसटी भेटतच नाई, म्हणून आमच्याकडची माणसं डोंग्यानं पल्याड जातात. रोजचंच आहे ते. पण त्या दिवशी काठावर येऊन पाहतो तं धुकं. असं धुकं का डोंग्याच्या मागच्या टोकाशी उभं राहून मले पुढचं टोकच दिसेना.

बाबा म्हणाले, "थांबू जरा."

ताई हॉल तिकिटाची प्लास्टिकची पन्नी छातीशी धरून नुसती उभी. वयाच्या अटीत तिचा हा शेवटचा चान्स होता, आन हे आम्हाले तिघांनाही माहीत होतं.

मीच म्हटलं, "बाबा, फोनमधी जीपीएस आहे ना! नकाशा डाऊनलोड करून ठेवला मी, नेटवर्कची गरजच नाई."

"बस मंग," बाबा म्हणाले.

आता पाण्याचं भेव नसते आम्हाले, खुंटांचं असते. धरण झालं तेव्हा आमचं जुनं गाव खाली गेलं, झाडं तशीच राह्यली. हिवाळ्यात धानासाठी कालव्याले पाणी सोडलं का धरण उतरते, आन त्यांचे खुंट पाण्याच्या बरोब्बर खाली येऊन बसतात. दिसत नाईत, फक्त लागतात. उजेडात बाबाले एकेक खुंट पाठ आहे. पण धुक्यात?

थोडं पुढं गेलो आन फोनमधला निळा टिपका उलटा फिरला.

"बाबा, आपण वापस चाललो!"

"मी सरळ चालवून राह्यलो, तुयं डबडं येडं झालं."

"डबडं नाई, तुम्ही गोल फिरून राह्यले!"

"लहानपणापासून इथी आहो मी!"

"लहानपणी इथी पाणी होतं काय?" ताई बोलली, आन तेवढ्यात धाडकन खुंट लागला. डोंगा एकीकडं कलला, पाणी आत आलं, थंडगार. ताईले पोहता येत नाई. तिनं पन्नी डोक्यावर धरली, स्वतःले नाई धरलं कुठीच! माया हातातून फोन सुटता सुटता राह्यला. 

डोंगा सावरला. मी डब्यानं पाणी उपसायले लागली. बाबानं वल्हं आडवं धरलं, मारेचनात. त्यांना दिशा कळेना, हे मले त्यावरूनच समजलं. आन फोनमधल्या टिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ लहान-मोठं होऊन राह्यलं होतं, म्हणजे त्यालेही पक्कं माहीत नोव्हतं!

ताईनं फोन ओढून घेतला. "हे काय आहे वं, ही रेघ?"

रस्ता होता तो. आमचा जुना डांबरी रस्ता! नकाशावाल्यांना कोणी सांगितलंच नाई का गाव बुडालं. शाळा, विहार, सगळं नावानिशी अजून तिथंच.

"रस्त्यावर झाडं नोव्हती," ताई म्हणाली.

बाबानं मान वर केली. "रस्ता सीधा पल्याड चढते. टिपका रस्त्यावर धर."

धरला. बाबा डोंग्यातल्या बांबूनं पुढं चाचपत, मी "डावीकडं, डावीकडं" करत. टिपका बरोब्बर रस्त्यावर, आन बांबूले ठक्क. पुन्हा खुंट! मंग अजून एक. मले रडूच यायले लागलं. एसटी तं गेलीच असन, आता आपण बुडतो का काय.

तेव्हा धुक्यातून तो पाइप आला. जुन्या विहाराच्या झेंड्याचा लोखंडी पाइप, अजून पाण्याच्या वर आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाले आम्ही डोंग्यानं जाऊन त्याले नवीन पंचशील ध्वज बांधतो. ताईनं पाइप असा गच्च धरला का सोडेचना.

"आता पाह्य फोनमधी. कुठी दाखवते?" बाबा.

"रस्त्यावर."

"पण आपण तं विहारापाशी आहो. इकडं सगळी आंब्याची झाडं होती. मंग आपण खरंच रस्त्यावर असू तेव्हा हा कुठी दाखवन?"

"शाळेत," ताई म्हणाली. शाळा विहाराच्या समोर, रस्त्याच्या त्या बाजूले होती ना!

"मंग चाला शाळेत. ॲडमिशन घेऊन टाकू."

हसू आलं, पण भेव काही गेलं नाई. विहार रस्त्यापासून जेवढा दूर, तेवढाच मी टिपका रस्त्याच्या दुसऱ्या बाजूले ठेवला, शाळा संपली तं बांध्यांमधून. नकाशावर आमचा डोंगा धानाच्या शेतातून चालला होता! बाबानं बांबू खाली टेकवला. खर्रर्र.

"डांबर," ते म्हणाले. मंग दर हातभर पुढं, खर्रर्र. तो आवाज बंद झाला का माया श्वास बंद.

काठ लागला तेव्हा एसटी तिथंच होती, लाइट लावून. धुक्यात ड्रायव्हरनंही निघायची हिंमत केली नोव्हती. ताई ओल्या सलवारीनं धावली. पन्नी कोरडी होती! खिडकीतून तिनं ती हलवून दाखवली, मंग रोडवरचं धुकं जरा विरळ झालं तशी गाडी निघाली आन दिसेनाशी झाली.

"चाला ना वापस," मी म्हटलं, "आता समजलं ना कसं जायचं."

बाबानं डोंगा पळसाच्या झाडाले बांधला आन काठावर बसले. "फोन दाखव."

टिपका हळूहळू सरकत होता. आम्ही बसलेलो, डोंगा बांधलेला, आन टिपका आपला चाललाच होता.

"धुकं उठू दे," बाबा म्हणाले.