अण्णांच्या हातची बारशाची पत्रिका

मंगळवार पेठेतल्या घरामागं अण्णांनी दोन खोल्या बांधल्या. सगळ्यांना सांगितलं, भाड्यानं द्यायला. खरं म्हणजे त्या ताईसाठी होत्या. ताई माझी थोरली बहीण, जोतिबाच्या पायथ्याला दिलेली. नवरा हात उचलायचा. पोरगी कधी निघून आली तर तिला छप्पर हवं, एवढाच अण्णांचा हिशेब. तोवर भाडेकरू.

अण्णा शाळामास्तर, त्यामुळे नियम पक्के. भाडेकरू बदलीच्या नोकरीतलाच घ्यायचा. पावती द्यायची नाही; कुणी विचारलंच तर 'पावणे आहेत' म्हणायचं. दर अकरा महिन्यांनी आठ दिवस खोल्या रिकाम्या करून चुना मारायचा, म्हणजे हक्क बसत नाही. कायदा भाडेकरूच्या बाजूचा, म्हणून पेठेतले निम्मे घरमालक असंच खोटं बोलायचे. मलाही त्यात काही गैर वाटत नव्हतं.

एका सरकारी कचेरीतला कारकून बिऱ्हाडाला आला. दोनदा चुना झाला. तिसऱ्यांदा त्याची बायको नेमकी बाळंतीण.

"ओल्या बाळंतिणीला भाईर काढताय व्हय?" आई अडून बसली. "मी न्हाय काढू द्यायची."

चुना राहूनच गेला. उलट बारसं आमच्याच सोप्यात झालं. कारकुनाचं अक्षर गिचमिड, म्हणून पत्रिका अण्णांनी लिहिल्या. आपल्या अक्षराचा त्यांना भारी अभिमान. टाक, काळी शाई, वर तारीख, आणि मजकुरात 'आमच्या भाडेकरूंच्या कन्येचे बारसे'. गल्लीभर वाटल्या मीच.

पुढं कारकुनाची बदली झाली, पण गारगोटीला. तो एस.टी.नं जाऊन येऊन नोकरी करू लागला आणि बिऱ्हाड जागचं हललं नाही. त्याच थंडीत ताई दोन पोरी घेऊन आली. पुढचा एक दात पडलेला.

अण्णांनी खोल्या मागितल्या. "पावणं, लेक आलीया माझी. खोल्या सोडा."

"पावणा कुठला? भाडेकरू हाय की मी," तो म्हणाला, आणि कोर्टात गेला.

अण्णांनी शपथेवर सांगितलं, हे पाहुणे म्हणून राहतात. समोरच्या वकिलानं बारशाची पत्रिका पुढं ठेवली आणि अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. खोटं बोलायची तयारी करून गेलेल्या माणसाला स्वतःचं अक्षर मात्र नाकारता आलं नाही. अण्णा हरले. मग अपील, मग तारखा.

ताई पोरींना घेऊन स्वयंपाकघरात निजायची. आम्ही उठलो की तिला अंथरूण गुंडाळावं लागे. पाच महिन्यांनी नवरा न्यायला आला आणि आमच्यादेखत म्हणाला, "हितं जागा तरी हाय का तुला?" मीच तिचं अंथरूण बांधून दिलं. त्याची लाज मला आजही वाटते. ताई गेली.

नऊ वर्षांनी कारकुनानं स्वतःचा बंगला बांधला आणि पेढे देऊन किल्ली परत केली. अण्णांनी पेढा खाल्लासुद्धा. त्यांचा मला इतका राग कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शिडीवर चढून खोल्यांना चुना मारला आणि ताईला आणायला निघाले. मी सोबत होते.

ताईनं चहा टाकला. अण्णांनी किल्ली तिच्यापुढं ठेवली. तिनं ती उचलली नाही.

"आता कशाला, अण्णा?" ती म्हणाली. "आता मारत न्हाईत ते. दमल्यात."