वहिनीचा निवडपाठ

शिक्षक व्हायला काय लागतं असं कुणी विचारलं, की मी आमच्या वहिनीकडे बोट दाखवते. आधी पदवी. मग शिकवायचं कसं याचं शिक्षण, त्यातले सराव पाठ, मागच्या बाकावर परीक्षक आणि हातातला खडू घामाने ओला. मग पात्रता परीक्षा. ती पास झालात की जाहिरातीची वाट बघायची, आणि तोवर कुठल्यातरी शाळेत तासिका तत्त्वावर राबायचं. शिकवलेल्या तासाचाच पगार, सुट्टीचा नाही. मास्तरकी म्हणजे आरामाची नोकरी म्हणणाऱ्याला जेवणानंतरच्या तासाला सातवीच्या वर्गात कोंडून घालावं.

वहिनी आमच्याच शाळेत अशी तासावर गणित शिकवायची. मी तिथली चित्रकलेची कायम शिक्षिका, शिवाय तिची नणंद, त्यामुळे तिला छळायचा माझा दुहेरी हक्क. पूर्वी ती एकाला दोन टोमणे परत करायची. पुढे पुढे नुसतं "हं" म्हणायला लागली. दरवर्षी तात्पुरत्या नेमणुकीचा नवा कागद घेताना तिचा चेहरा असा, जणू शेजाऱ्यांचं टपाल चुकून हाती आलंय. दादा म्हणायचा, "सोड आता." ती "बरं" म्हणायची आणि सकाळी डबा घेऊन निघायची.

शेवटी एकदाची गणिताची कायम जागा निघाली. वयाच्या अटीत वहिनी जेमतेम बसत होती. पुढच्या वेळी बसणार नव्हती.

प्रत्येक उमेदवाराने निवड समितीपुढे एकच पाठ घ्यायचा होता, ऋण संख्यांची बेरीज. धडा मुलांना अजून शिकवलेला नव्हता. वर्ग मात्र वहिनीचाच, सातवीचा. शिस्तीसाठी मला मागे बसवलं होतं.

सकाळपासून एकेक उमेदवार येऊन घसा कोरडा करून गेला. मुलं मूग गिळून बसलेली. मला वाटलं, परक्या माणसांना बुजली असतील. मग वहिनी आली. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत वर्गभर हात वर! उणे सात अधिक तीन? उणे चार! सकाळभर ऐकलेलं सगळं कार्ट्यांनी जपून ठेवलं होतं, एकट्या तिच्यासाठी. वहिनीचा खडू क्षणभर थांबला. तिच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. समितीतल्या बाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे पाहून मान हलवली.

मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावलं. "बाई, तुम्ही मुलांना आधीच पढवून ठेवलंत, असं समितीचं म्हणणं आहे. असं असेल तर तुमचं नाव बाद होईल."

"मी पढवलं नाही."

"माझा विश्वास आहे हो. पण त्यांचा कसा बसणार? मुलांना बोलावून विचारू का? समिती अजून चहा घेतेय."

वहिनीने खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. "नको. खरं सांगितलं, तर इतरांचे पाठ त्यांनी मुद्दाम पाडले असं होईल. पालकांना बोलावतील, शिक्षा होईल."

"होऊ दे की!" मी ओरडले. "अगं, ही शेवटची संधी आहे तुझी!"

"माहितीये," ती म्हणाली. "बाद करा, सर."

जिन्यात मी तिला नाही नाही ते बोलले. मला तिचा राग आला होता, मुलांचा तर त्याहून जास्त. ती कठडा धरून हळूहळू उतरत होती. म्हणाली, "मला ना, काहीच वाटत नाहीये गं. वाटायला हवं ना?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर सातवीच्या दारापर्यंत गेले. म्हटलं, ही नाही तर मी तरी त्यांना चार शब्द सुनावते. वर्ग उभा राहिला. मॉनिटर मुलगी उत्साहाने पुढे आली.

"बाई, आम्ही दुसऱ्या कुण्णालाच उत्तरं दिली नाहीत. आता तुम्ही कायमच्या ना?"

माझं तोंड उघडलं होतं. वहिनीने न बघताच माझा दंड घट्ट धरला.

"हो," ती मुलांना म्हणाली.

मुलांनी बाकं बडवली, शिट्ट्या मारल्या. सगळं शांत होईपर्यंत ती थांबली. मग माझा दंड सोडून तिने पुस्तक उघडलं.