हा बदल मान्य आहे का?

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारी बाई. बुऱ्हाणपूरजवळच्या पेपर मिलमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. मशीनवर विश्वास, बाकी सगळं थोतांड... असं म्हणायचे.

माझं काम म्हणजे फायलींवर पहारा. सॉफ्टवेअर प्रत्येक फाईलचा ठसा घेऊन ठेवतं. आत एक टिंब जरी हललं तरी ठसा जुळत नाही, लगेच मोबाईलवर अलर्ट. नवीन सॉफ्टवेअर मी आधी बुऱ्हाणपुरातल्याच लालबागला घरी, माझ्या लॅपटॉपवर चालवून बघते.

त्याच लॅपटॉपवर अप्पांचा आवाज आहे. वडील गेल्यावर उरलेलं एकच रेकॉर्डिंग - "काय गं, चहा घेतलास का?" बस, एवढंच. दुपारचा चहा अप्पाच करायचे. ते गेले आणि आईनं चहा सोडला, मग हळूहळू जेवणही. पार वाळली होती हो! रोज मिलचा भोंगा झाला की ते रेकॉर्डिंग लावायची आणि म्हणायची, "नाही हो."

सुटीची दुपार होती. केळीच्या बागांकडून ओलसर वारा येत होता, झोपाळ्यावर माझे डोळे मिटत होते... भोंगा झाला, आई आत "नाही हो" म्हणाली, आणि फोन वाजला. अप्पांची फाईल बदलली!

उठून आत धावले. धाकट्या भावावर ओरडले, "मुकुंदा, लॅपटॉपला काय केलंस?"

"ताई, कसम से, हात पण नाही लावला!"

फाईल लावली. "काय गं, चहा घेतलास का?"... जराशी शांतता... मग अप्पाच, अगदी मऊ आवाजात - "मग घे की."

पेन ड्राइव्हवरची जुनी कॉपी ऐकली. त्यात ते नव्हतं. बदल कुणी केला, तो रकाना कोरा.

आई माझ्या मागे उभी होती. "रोज नाही-नाही म्हणते मी... किती ऐकून घेतील ते?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आल्याचा वास आला. मी तिथंच बसून रडले.

स्क्रीनवर प्रश्न तसाच होता - हा बदल मान्य आहे का, की जुनी फाईल परत आणू? मिलमध्ये न विचारता केलेला बदल मी साहेबांचासुद्धा ठेवत नाही. त्या दिवशी 'मान्य' दाबलं.

कसं झालं? देवाशप्पथ, मला अजून माहीत नाही. आई आता भोंग्याला कप हातात धरून म्हणते, "घेतेय हो." आणि अलर्ट आला की जिचं डोकं फिरायचं, ती मी... रोज दुपारी फोनकडे बघत बसते. अप्पा अजून काही बोललेत का म्हणून.