लिंबू खोचलेली यादवांची कट्यार

मुलगी बघायला गेलो आणि भिंतीवरची कट्यार बघत बसलो, ही माझी चूक. बघून गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण मी मंठ्याच्या शाळेत इतिहास शिकवत होतो, आणि समोर मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती.

पात्यावर उर्दू आकड्यांत १३१२ कोरलेलं. निजामाच्या राज्यात पहिली-दुसरी उर्दूतून झालेली, त्यामुळे आकडे बिनचूक वाचले.

"तेराशे बारा," मी म्हणालो. "म्हणजे देवगिरीचे शेवटचे यादव. ही यादवांची कट्यार आहे."

यादव उर्दू आकडे कशाला कोरतील, हे ना मला सुचलं ना पोहे खाणाऱ्या कुणाला. होणारे सासरे हरखून गेले. त्यांच्या वडिलांनी ती एका इराणी घोडेवाल्याकडून घेतल्ती, एवढंच त्यांना ठाऊक. संध्याकाळी सुपारी फुटली.

पुढे औरंगाबादला एका कॉलेजच्या ग्रंथालयात हत्यारांचं सचित्र पुस्तक चाळताना हात थांबला. सरळ, दुधारी पातं. मध्ये बारीक झालेली शिंगाची मूठ, तिच्यावर दोन ठसठशीत खिळे. पात्यावरची खाच मधोमध न्हाई, एका अंगाला सरकलेली. हुबेहूब आमची. खाली लिहिलेलं, काकेशस. म्हणजे रशियाच्या दक्षिणेचे डोंगर. आणि १३१२ हा हिजरी सन, आपल्या हिशेबानं अठराशे पंच्याण्णवच्या आसपास. यादव जाऊन पावणेसहाशे वर्षं उलटल्यावरची.

सांगावं तर सोयरीक मोडेल, आणि मुलगी तर मनात भरलेली. मी उद्यावर ढकलत राहिलो. तोवर सासऱ्यांनी बातमी गावभर केली, आणि निरोप धाडला, "नवरदेवानं दुसरी कट्यार आणायची न्हाई. यादवांचीच धरायची."

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवानं हातातली कट्यार सोडायची नसते. टोकाला लिंबू खोचतात. इतरांच्या कट्यारी वीतभर, माझी हातभर. जेवलो तिच्यासकट, झोपलो तिच्यासकट. ठेवीन म्हटलं की कुणीतरी मावशी ओरडायची, "अपशकुन होतो बाबा, धर."

मांडवात सासरे एकेक पाव्हणा आणून दाखवत होते. मी लिंबासारखा टोकावर. अंतरपाट धरायची वेळ झाली आणि सासऱ्यांनी माईक हातात घेतला, "आमचे जावई गुरुजी आता यादवांबद्दल दोन शब्द बोलतील."

मी त्यांची बाही ओढली. माईक हातानं झाकून कानात सगळं सांगून टाकलं. काकेशस, हिजरी, खाच, सगळं.

त्यांनी एकदा मांडवभर पाव्हण्यांवर नजर फिरवली.

"आणखी कोणाला बोललात?"

"न्हाई मामा."

"मंग गुमान उभे राहा." त्यांनी माईक बाजूला दिला. "पोरीला मी सांगतो, नवरा दिसायला बरा हाय, त्याला काही विचारत जाऊ नको."