कुस्तीआधी मुलीचे हात

माझी धाकटी मुलगी पुढे बऱ्याच देशांत कुस्ती खेळली. ही पहिल्या वेळची गोष्ट, नव्वद सालानंतरची. तिला शिकवणारे मास्तर मूळचे कोल्हापूरकडचे, बोईसरला कारखान्यात कामाला. पाळी सुटली की एका शेडमध्ये गाद्या टाकून ते मुलांना शिकवायचे. त्या मुलांत मुलगी ही एकटीच.

आमचा तारापूरकडचा कोळीवाडा. घरी असली की ती माझ्याबरोबर कोळंबी सोलायला बसायची. बर्फाने आणि कोळंबीच्या पाण्याने बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, मग निघते. आम्हा बायकांना त्याचं काही वाटत नाही. परदेशी जायच्या आठवड्यात मास्तरांनी ते हात पाहिले आणि कपाळ धरून बसले.

"वैनी, तिथं वजनाच्या वेळी डॉक्टर अंग तपासतो. कातडीचा रोग दिसला तर गादीवर पाय ठिवू देत न्हाईत. ह्यो नायटाच वाटंल त्येला."

त्या दिवसापासून तिची कोळंबी बंद. पण माझ्या मोठ्या जावेला राहवलं नाही. कुठल्याही दुखण्यावर हळद लावणारी बाई ती. मी बाजारात गेले असताना तिने खोबरेलात हळद कालवून पोरीच्या हातांना मनगटापर्यंत चोपडली आणि वर फडकी बांधली. मी आले तोवर हात पिवळेजर्द. शेजारीण दारातून ओरडली, "काय गो, हळद लागली? नवरा कोन?"

"परदेशात हाय," पोरगी म्हणाली. "उचलून आपटायचा हाय त्याला."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मास्तर आले ते भडकूनच. तेलकट अंग तिथे चालत नाही, पंच हात फिरवून बघतो म्हणे. मग बेसन आणि लिंबू लावून मी हात घासले. भेगांत लिंबू गेलं तशी ती ओठ चावून बसली. तेल निघालं. हळदीने कातडीही जरा भरून आली होती, ते खरं. पण नखांपाशी पिवळं राहिलंच. तशीच ती विमानात बसली, आणि नायट्याच्या भीतीत मला काविळीची भर पडली.

वजनाच्या दिवशी सकाळपासून मी बोईसरच्या एसटीडी बूथवर. तोच नंबर तिच्याकडे होता. बूथवाला म्हणाला, "मौसी, आपके घूरने से फोन थोड़े ही बजेगा."

मी हलले नाही. डॉक्टरने परत पाठवलं तर इतकी वर्षं त्या शेडमध्ये अंग मोडून घेतलेलं कोळंबीपायी फुकट जाणार होतं. कोळीवाडा काय काय बोलेल तेही मला पाठ होतं.

दुपार टळल्यावर फोन वाजला.

"आये, झालं वजन."

"हात?"

"बघितलं. डॉक्टरीण बाईनं बोटं हुंगली माझी. आमच्याबरोबरच्या बाईंनी तिला समजावलं, हळद हाय म्हणून. मग सोडली."

"आता?"

"आता उद्या कुस्ती. समोरची आडदांड हाय, आये. मान धरते पहिली."

फोन तुटला. मी बाकावर बसले. इतके दिवस हातांच्या काळजीत मानेचा विचारच आला नव्हता. डॉक्टरने नको म्हटलं असतं तर पोर धडधाकट घरी आली असती.

"अच्छी खबर है ना, मौसी?" बूथवाल्याने विचारलं.

मी मान हलवली आणि उद्या बूथ किती वाजता उघडतोस ते विचारून घेतलं.